वार कुणाचा, फासा कुणाचा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये पात्रावर संकट आले की नियमांना दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. संकट पात्राला बाधले की पात्र त्यातून निसटले, हे कशावरून ठरवायचे? आणि ते ठरवणारा फासा कुणी टाकायचा, वार करणाऱ्याने की वार झेलणाऱ्याने? पहिल्या प्रश्नाचे महत्त्व उघड आहे. दुसरा किरकोळ वाटतो, कारण फासा कुणाच्याही हातून पडला तरी शक्यता तीच ठेवता येते. तरीही १९७४पासून या खेळांच्या रचनाकारांनी नेमक्या याच जागी पुन्हा पुन्हा फेरफार केले आहेत. संकटाची धास्ती, खेळाचा वेग आणि पात्राच्या नशिबाची जबाबदारी या तिन्ही गोष्टी फासा कुणाच्या हातात आहे यावर ठरतात, म्हणून ही जागा महत्त्वाची.

खेळाची मांडणी थोडक्यात अशी. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाकडे एक पात्र असते : योद्धा, जादूगार, चोर, धर्मगुरू वगैरे. पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी कागदावर आकड्यांत लिहिलेली असते. आणखी एक जण गेम मास्टर होतो आणि राक्षस, सापळे, राजे, दुकानदार असे बाकीचे सगळे जग सांभाळतो. पात्र काय करते ते खेळाडू तोंडी सांगतो, आणि जिथे निकाल काय लागेल हे सांगता येत नाही तिथे फासा टाकला जातो.

बचावाच्या दोन जुन्या पद्धती आहेत. पहिलीत बचाव हा कागदावरचा स्थिर आकडा असतो. हल्लेखोराने फासा टाकायचा आणि त्याने तो आकडा गाठला की वार लागला. दुसरीत संकट आलेलेच असते. ज्याच्यावर ते आले त्याने फासा टाकून स्वतःला वाचवायचे. या दुसऱ्या पद्धतीला सेव्हिंग थ्रो किंवा नुसते सेव्ह म्हणतात.

युद्धखेळांतून आलेला वारसा

सेव्हिंग थ्रो रोलप्लेइंग गेमपेक्षा जुना आहे. शिशाच्या छोट्या सैनिकांचे युद्धखेळ खेळणाऱ्यांनी तो आधीच वापरात आणला होता. बाण किंवा गोळी लागली असे ठरल्यावर चिलखतधारी सैनिकाच्या वतीने आणखी एक फासा टाकायचा आणि दान अनुकूल पडले तर सैनिक पटावरच राहायचा. ही रीत अजूनही जिवंत आहे. ‘वॉरहॅमर ४०,०००’ या प्रसिद्ध युद्धखेळात वार लागला का, जखम झाली का आणि चिलखताने वाचवले का, असे तीन फासे एकामागून एक पडतात. त्यातील स्पेस मरीन सैनिकाला सहा बाजूंच्या फाशावर ३ किंवा अधिक दान पडले की तो वाचतो. म्हणजे तीनपैकी दोन वेळा.

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा युद्धखेळ १९७१ साली आला. त्याच्या शेवटी ड्रॅगन, जादूगार आणि महावीर यांच्यासाठी एक कल्पनारम्य पुरवणी जोडलेली होती. गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मुळे तिच्यात आहेत. रोलप्लेइंग गेम हा प्रकार या खेळाने रूढ केला आणि बचावाच्या दोन्ही पद्धती एकाच खेळात आणून ठेवल्या. तलवार, भाला, नखे, दात यांच्यासाठी आर्मर क्लास हा स्थिर आकडा आणि विष, जादू, ड्रॅगनचा फूत्कार यांच्यासाठी सेव्हिंग थ्रो.

त्या खेळात सेव्हचे पाच प्रकार होते : मृत्युकिरण किंवा विष, जादूच्या कांड्या, दगड होणे, ड्रॅगनचा फूत्कार, आणि जादूचे दंड व मंत्र. प्रत्येक पेशाचा आणि पातळीचा, म्हणजे पात्राच्या अनुभवाच्या पायरीचा, आकडा तक्त्यात दिलेला असे. वीस बाजूंच्या फाशावर तेवढे किंवा त्याहून मोठे दान पडले की पात्र वाचले. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचे आकडे अनुक्रमे १२, १३, १४, १५ आणि १६ होते. म्हणजे विषातून वाचण्याची शक्यता ४५ टक्के, ड्रॅगनच्या आगीतून ३० टक्के आणि मंत्रातून २५ टक्के. धर्मगुरूला विषाविरुद्ध ११ पुरत, म्हणजे त्याचा कौल बरोबर निम्मा-निम्मा.

हे वर्गीकरण आजच्या वाचकाला विचित्र वाटते, कारण ते पात्राच्या शरीराचे किंवा मनाचे नाही, संकटांचे आहे. योद्ध्याने विष पचवले ते काटक शरीरामुळे, की डंख निसटता लागल्यामुळे, याबद्दल तक्ता काहीच सांगत नाही. गायगॅक्स यांनी ती मोकळीक जाणूनबुजून ठेवली होती. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्यांनी खडकाला साखळदंडांनी जखडलेल्या योद्ध्याचे उदाहरण घेतले आहे. त्याच्यावर ड्रॅगनने आग ओकली तर तो वाचेलच कसा? त्यांचे म्हणणे असे की त्यालाही सेव्ह मिळायलाच हवा. दान अनुकूल पडले तर तो ऐन क्षणी ज्वाळांच्या खाली वाकला असेल, खडकाची एखादी कपार त्याला सापडली असेल किंवा साखळी तुटली असेल. आधी निकाल, मग त्याचे कारण. वीरकथेतल्या नायकाला शेवटची एक संधी असतेच, आणि सेव्हिंग थ्रो ही ती संधी होती.

दोन वेगळ्या पद्धती ठेवण्यामागचे कारणही यातच आहे. तलवारीचा वार एका लढाईत वीस वेळा होतो. एखादा लागला तर हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारा आकडा, कमी होतात आणि लढाई चालू राहते. तिथे हल्लेखोराचे कसब मोजणे आणि काम झटपट उरकणे महत्त्वाचे असते. विषाचे तसे नाही. जुन्या नियमांत विषारी डंखाविरुद्धचा एक सेव्ह चुकला की बऱ्याचदा पात्र तिथेच मरत असे, मग हिट पॉइंट कितीही उरलेले असोत. महिनोन्‌महिने जपलेल्या पात्राचा शेवट एका दानावर ठरणार असेल, तर ते दान त्या पात्राच्या खेळाडूच्या हातून पडावे हे न्याय्य होते.

पातळीचे बळ

जुन्या पद्धतीचा एक गुण पुढे हरवला, म्हणून तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. सेव्हचा आकडा सहसा फक्त वाचणाऱ्याच्या पेशावर आणि पातळीवर ठरत असे. मंत्र टाकणारा जादूगार किती थोर आहे याचा त्याच्याशी संबंध नसे. १९७८-७९च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पहिल्या पातळीच्या योद्ध्याला मंत्रातून वाचायला १७ लागत, म्हणजे शक्यता २० टक्के. सतराव्या पातळीवर तोच आकडा ६ होई आणि शक्यता ७५ टक्क्यांवर जाई. मुरलेल्या योद्ध्यावर जादू सहजी चालत नसे. जादूगाराचे मंत्र पातळीगणिक भयंकर होत जात, पण ते लागू पडण्याची खात्री तितकीच कमी होत जाई. खेळाचा तोल या उलटसुलट ओढीने सांभाळला जाई.

१९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने मूळ प्रकाशक टीएसआर विकत घेतली आणि २००० साली खेळाची तिसरी आवृत्ती काढली. जोनाथन ट्वीट, मॉन्टी कुक आणि स्किप विल्यम्स हे तिचे रचनाकार. त्यांनी पाच प्रकार मोडीत काढून तीन ठेवले : फॉर्टिट्यूड म्हणजे शरीराचा काटकपणा, रिफ्लेक्स म्हणजे चपळाई आणि विल म्हणजे मनोबल. वर्गवारी आता संकटांची नव्हती, पात्राच्या गुणांची होती. विषाविरुद्ध फॉर्टिट्यूड, स्फोटाविरुद्ध रिफ्लेक्स, भुलीविरुद्ध विल. नवख्या खेळाडूलाही हे न सांगता कळते.

गणितही एकसारखे झाले. वीस बाजूंच्या फाशाच्या दानात पात्राचा सेव्ह बोनस मिळवायचा आणि बेरीज मंत्राच्या अवघडपणाच्या आकड्याएवढी किंवा त्याहून जास्त झाली की पात्र वाचले. तो आकडा म्हणजे १०, अधिक मंत्राची पातळी, अधिक जादूगाराच्या बुद्धीसारख्या गुणाचा बोनस. अशा रीतीने या खेळात हल्लेखोराचे बळ प्रथमच नियमितपणे हिशेबात आले.

परिणाम मोठा झाला. बहुतेक पेशांचे काही सेव्ह पक्के आणि काही कच्चे असत. विसाव्या पातळीला पक्क्या सेव्हचा मूळ बोनस १२ होई, कच्च्याचा फक्त ६. योद्ध्याचे विल कच्चे. सतराव्या पातळीच्या योद्ध्याला मूळचे ५, स्वभावाचे १ आणि जादुई झग्याचे ४ असे १० मिळाले असे धरू. समोरच्या जादूगाराचा बुद्धीचा बोनस ७ असेल तर त्याच्या नवव्या पातळीच्या मंत्राचा आकडा १० अधिक ९ अधिक ७, म्हणजे २६ होतो. योद्ध्याला १६ किंवा अधिक दान हवे; शक्यता २५ टक्के. जुन्या नियमांत याच पातळीचा योद्धा चारपैकी तीन वेळा वाचत होता, नव्या नियमांत चारपैकी एकदा. नियम सुटसुटीत झाले, पण उच्च पातळीवर जादूगारांचे पारडे जड झाले. त्यामागे मंत्रांच्या संख्येसारखी इतरही कारणे होती, तरी हे कारण फार वजनदार होते.

फासा हल्लेखोराकडे जातो

‘स्टार वॉर्स’च्या २००७च्या सागा आवृत्तीत आणि २००८च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या चौथ्या आवृत्तीत दुसरे टोक गाठले गेले. फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल ही नावे कायम राहिली, पण त्यांचे स्थिर आकडे झाले. चौथ्या आवृत्तीत आर्मर क्लास धरून असे चार आकडे प्रत्येक पात्राला असत. तलवार असो, अग्निगोळा असो की संमोहन, फासा नेहमी हल्लेखोरच टाकत असे.

कच्च्या सेव्हच्या दुखण्यावर या आवृत्तीने उपाय काढला. फॉर्टिट्यूडसाठी ताकद आणि काटकपणा यांतील जे जास्त ते धरायचे, रिफ्लेक्ससाठी चपळाई आणि बुद्धी यांतील, विलसाठी शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व यांतील. प्रत्येक जोडीतील एकेक गुण बरा असला तरी पात्र सगळीकडून झाकले जाई. रॉब हाइन्सू आणि जोनाथन ट्वीट यांच्या २०१३च्या ‘थर्टीन्थ एज’ने वेगळी युक्ती केली. तिथे शारीरिक बचावासाठी तीन गुणांतील मधला आकडा धरला जातो. त्यामुळे एकच गुण वाढवून भागत नाही आणि एक गुण कमी असला म्हणून पात्र उघडेही पडत नाही.

सेव्हऐवजी स्थिर आकडा आल्याने शक्यता बदलते का? एक उदाहरण आकड्यांत पाहू. तिसऱ्या आवृत्तीत मंत्राचा आकडा १७ आणि पात्राचा बोनस ५ असेल तर १२ किंवा अधिक दान हवे. म्हणजे वाचण्याची शक्यता ४५ टक्के आणि मंत्र लागण्याची ५५ टक्के. आता फासा जादूगाराला देऊ. त्याचा बोनस ७, कारण १७मधून १० वजा केले. लक्ष्याचा स्थिर बचाव १२ अधिक ५, म्हणजे १७ धरला तर जादूगाराला १० किंवा अधिक दान हवे. शक्यता पुन्हा ५५ टक्के. मात्र स्थिर बचाव १२ ऐवजी १० पासून मोजला तर मंत्र लागण्याची शक्यता ६५ टक्के होते. हा फरक पडतो याचे कारण असे की बरोबरी झाली तर फासा टाकणाऱ्याचा विजय मानतात आणि वीस बाजूंच्या फाशाची सरासरी १० नसून साडेदहा आहे. पद्धत बदलताना हे दोन अंक जो विसरतो, त्याच्या नकळत खेळाचा तोल हलतो.

शक्यता सारखी ठेवली तरी टेबलावरचा अनुभव सारखा राहत नाही. जादूगार खेळणाऱ्याला स्वतः फासा टाकून आपला मंत्र लावता येतो, योद्ध्याच्या तलवारीसारखाच. सेव्हच्या पद्धतीत तो नुसता आकडा सांगतो आणि गेम मास्टर फासा टाकून ‘वाचला’ किंवा ‘लागला’ म्हणतो. हल्लेखोराकडे फासा असला की मंत्रालाही पूर्ण वीस पडल्यावरचा जबर वार मिळू शकतो. वेगही वाढतो, कारण सगळे नियम एकाच दिशेने वाचायचे असतात. पण राक्षसाने आपल्यावर मंत्र टाकला की खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. गेम मास्टर फासा टाकतो, कागदावरचा आकडा विचारतो आणि निकाल सांगतो. ज्याच्या जिवावर बेतले तो प्रेक्षक होतो.

चौथ्या आवृत्तीने सेव्हिंग थ्रो हे नाव टाकून दिले नाही, पण त्याचे काम बदलले. आग अंगाला लागून राहिली, विष भिनत राहिले किंवा पाय जखडले गेले तर खेळाडू आपल्या पाळीच्या शेवटी फासा टाकतो. १० किंवा अधिक दान पडले की ते संकट संपते. वीसपैकी अकरा दाने अनुकूल असल्याने शक्यता ५५ टक्के. सेव्ह आता संकट टाळण्यासाठी नव्हता, त्यातून बाहेर पडण्यासाठी होता.

सहा गुण, सहा सेव्ह

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने फासा पुन्हा वाचणाऱ्याला दिला आणि सेव्ह थेट सहा गुणांना जोडले : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्व. मंत्राचा आकडा ८, अधिक जादूगाराच्या प्रावीण्याचा, म्हणजे पातळीसोबत वाढणारा, बोनस, अधिक त्याच्या मुख्य गुणाचा बोनस. मंत्राची पातळी त्यातून वगळली, त्यामुळे जादूगाराचे साधे मंत्रही शेवटपर्यंत धारदार राहिले. फायरबॉल हा मंत्र नमुन्यादाखल घेता येईल. आठ सहा-बाजूंचे फासे टाकून जेवढी बेरीज होईल तेवढी इजा, सरासरी २८. चपळाईचा सेव्ह जमला तर निम्मी. इथे सेव्ह ‘सगळे किंवा काहीच नाही’ असा निकाल देत नाही. मंत्र वाया जात नाही आणि पात्राच्या चपळाईलाही मान मिळतो.

सहाही सेव्ह सारख्या कामाचे नाहीत. चपळाई, काटकपणा आणि शहाणपण यांचे सेव्ह वारंवार लागतात, उरलेल्या तिघांचे क्वचित. म्हणून प्रत्येक पेशाला पहिल्या गटातील एक आणि दुसऱ्यातील एक असे दोन सेव्ह प्रावीण्यासह मिळतात. योद्ध्याला ताकद आणि काटकपणा, जादूगाराला बुद्धी आणि शहाणपण, चोराला चपळाई आणि बुद्धी. उरलेले चार पातळी वाढली तरी जवळपास जागेवरच राहतात. सतराव्या पातळीच्या योद्ध्याचा शहाणपणाचा बोनस फक्त १ असेल आणि जादूगाराचा आकडा ८ अधिक ६ अधिक ५, म्हणजे १९ असेल, तर योद्ध्याला १८ दान हवे. शक्यता १५ टक्के. कच्च्या सेव्हचे जुने दुखणे इथे अधिकच बळावले. योद्ध्याला नवव्या पातळीपासून चुकलेला सेव्ह पुन्हा टाकण्याची मुभा आहे, पण शक्यताच इतकी कमी असताना दुसरा फासाही फारसा कामी येत नाही. २०२४च्या सुधारित नियमांत त्या दुसऱ्या फाशात योद्ध्याची पातळीच मिळवायला सांगितले आहे. सतराव्या पातळीला १७ जास्तीचे मिळतात, आणि वरच्या उदाहरणात दान कोणतेही पडले तरी योद्धा निभावून जातो.

या आवृत्तीने चौथीकडून एक चांगली गोष्ट उचलली. खिळवून ठेवणाऱ्या अनेक मंत्रांविरुद्ध दर पाळीच्या शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो. वाचण्याची शक्यता ४० टक्के असलेला राक्षस पहिल्या फटक्यात ६० टक्के वेळा अडकतो. पण एक पाळी संपल्यावरही तो अडकलेला असण्याची शक्यता ३६ टक्के आणि दुसरी संपल्यावर २२ टक्क्यांच्या आत येते. एका दानावर अख्खी लढाई संपण्याचा धोका त्यामुळे बराच उतरतो. तरी मोठ्या ड्रॅगनसारख्या प्रमुख शत्रूला त्याहून जास्त संरक्षण दिलेले आहे. तो दिवसातून तीन वेळा चुकलेला सेव्ह जमला असे जाहीर करू शकतो. पाच खेळाडू एकामागून एक मंत्र टाकत असताना एखादा सेव्ह कधीतरी चुकणारच, आणि महिनाभर गाजवलेला खलनायक पहिल्याच पाळीत बेडूक झाला तर कुणालाच आनंद होत नाही. नियम कामाचा आहे, पण ज्याचा मंत्र असा नाकारला जातो त्याला तो सलतो.

मरणाच्या दारातले सेव्ह हे या आवृत्तीचे सर्वांत परिणामकारक दृश्य. हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते आणि खेळाडू दर पाळीला एक फासा टाकतो. १० किंवा अधिक म्हणजे यश, त्याखाली अपयश. तीन यशे आधी आली तर पात्र तगले, तीन अपयशे आधी आली तर गेले. १ पडला तर दोन अपयशे. २० पडले तर पात्र एका हिट पॉइंटवर शुद्धीवर येते. यात पात्राचा कोणताही गुण मिळवत नाहीत. सगळे टेबल तो एक फासा पाहत असते.

चार पायऱ्यांचा निकाल

पायझो कंपनीच्या ‘पाथफाइंडर’ची दुसरी आवृत्ती २०१९ साली आली आणि तिने दोन्ही पद्धती एकत्र नांदवल्या. फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे तीन सेव्ह फाशावर टाकले जातात. त्याच बोनसमध्ये १० मिळवले की स्थिर आकडाही तयार होतो. मंत्र आला तर लक्ष्याने फासा टाकायचा. पण कुणी पाय अडकवून पाडू पाहत असेल तर त्याने लक्ष्याच्या रिफ्लेक्सच्या आकड्याविरुद्ध, धमकावत असेल तर विलच्या आकड्याविरुद्ध फासा टाकायचा. ज्याची कृती त्याचा फासा, आणि जादूपुरता अपवाद.

निकालाच्या पायऱ्याही चार आहेत. आकड्यापेक्षा १० ने जास्त गेले तर मोठे यश, १० ने कमी पडले तर मोठे अपयश. दान नुसते २० किंवा १ पडले तर निकाल एक पायरी वर किंवा खाली सरकतो. इजा करणाऱ्या मंत्रांविरुद्ध मोठे यश म्हणजे काहीच इजा नाही, यश म्हणजे निम्मी, अपयश म्हणजे पूर्ण, मोठे अपयश म्हणजे दुप्पट. मंत्राचा आकडा २५ आणि पात्राचा बोनस १४ असेल तर या चार निकालांच्या शक्यता अनुक्रमे ५, ४५, ४५ आणि ५ टक्के येतात. बोनस १९ झाला की त्या २५, ५०, २० आणि ५ टक्के होतात, आणि सरासरी इजा पूर्ण इजेच्या ७७.५ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर उतरते. बोनसच्या प्रत्येक अंकाचे मोल वाढते. शिवाय ज्या सेव्हचे शिक्षण पात्राला मिळालेले आहे त्यात त्याची पूर्ण पातळी मिळते; शिक्षणाच्या सर्वांत खालच्या आणि वरच्या पायरीत फक्त ६ चा फरक असतो. कच्चा सेव्ह कच्चाच राहतो, पण निरुपयोगी होत नाही.

वार चुकवणे, वार अडवणे

आतापर्यंतच्या खेळांत तलवारीच्या वारापुढे पात्र जणू स्तब्ध उभे असते. ही उणीव काही रचनाकारांना फार लवकर जाणवली. स्टीव्ह पेरिन यांच्या १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये हल्लेखोर आपल्या कौशल्याच्या टक्केवारीवर फासा टाकतो आणि वार नेमका आला तर बचाव करणारा तो अडवण्यासाठी स्वतःच्या टक्केवारीवर. चिलखत वार चुकवत नाही. लागलेल्या वारातील काही इजा शोषून घेते. जादूसाठी तिथे वेगळा तक्ता आहे. दोघांचे आत्मबळ सारखे असेल तर शक्यता ५० टक्के, आणि प्रत्येक अंकाच्या फरकामागे ५ टक्के कमी-जास्त. १४ विरुद्ध १० असेल तर ७० टक्के. एकाच फाशात दोघांचे बळ मोजले जाते.

स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६च्या ‘गर्प्स’मध्ये हीच कल्पना अधिक काटेकोर आहे. तीन सहा-बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज कौशल्याच्या आकड्याइतकी किंवा कमी यायला हवी. बचावाचे मार्ग तीन : अंग चुकवणे, शस्त्राने अडवणे आणि ढाल पुढे करणे. २००४च्या चौथ्या आवृत्तीत शस्त्राने अडवण्याचा आकडा म्हणजे कौशल्याचा निम्मा अधिक ३. दोन तलवारबाजांचे कौशल्य १४ असेल तर वार नेमका येण्याची शक्यता सुमारे ९१ टक्के आणि तो अडवला जाण्याची, म्हणजे १० किंवा कमी येण्याची, ५० टक्के. प्रत्यक्ष लागणारे वार सुमारे ४५ टक्के. दोघांचे कौशल्य १८ झाले की वार ९८ टक्के वेळा नेमका येतो, पण ७४ टक्के वेळा अडवलाही जातो. लागणारे वार बरेच कमी उरतात. उस्तादांची लढत लांबते, हे वास्तवाला धरून आहे. ती कंटाळवाणी होऊ नये म्हणून या आवृत्तीत हुलकावणीचा वार आहे. आपल्या कौशल्यातून २ वजा करायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या बचावातून १ कमी करायचा. कौशल्य कुठे खर्चायचे हा निर्णय खेळाडूचा होतो. या सगळ्याची किंमत वेळात मोजावी लागते, कारण प्रत्येक वाराला दोनदा फासे आणि चिलखताची वजाबाकी.

गेम मास्टरच्या हातातून फासा काढला तर

केन सेंट आंद्रे यांच्या १९७५च्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’मध्ये सेव्हिंग रोल होता. पुढच्या आवृत्त्यांत तो कोणत्याही गुणावर टाकता येऊ लागला आणि दरी ओलांडण्यापासून थाप पचवण्यापर्यंत सगळ्याच कामांचा नियम बनला. सेव्हलाच खेळाचा गाभा करण्याची ही वाट नंतर अनेकांनी आपापल्या परीने चोखाळली.

मॉन्टी कुक यांच्या २०१३च्या ‘न्यूमेनेरा’मध्ये गेम मास्टर लढाईत फासा टाकत नाही. राक्षसाच्या पातळीची तिप्पट हाच त्याचा आकडा. खेळाडू हल्ल्यासाठीही फासा टाकतात आणि बचावासाठीही. व्हिन्सेंट बेकर यांच्या २०१०च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्येही फासे खेळाडूंचेच, दोन सहा-बाजूंचे. बोनस नसताना पूर्ण यशाची शक्यता सुमारे १७ टक्के, अपयशाची ४२ टक्के, आणि मधल्या ७ ते ९ या बेरजेची तितकीच. ती पडली तर पात्र निभावते, पण काहीतरी गमावून : शस्त्र हातून सुटते, साथीदार मागे राहतो, शत्रूला ठावठिकाणा कळतो. कथा याच मधल्या निकालावर पुढे सरकते.

जॉन हार्पर यांच्या २०१७च्या ‘ब्लेड्स इन द डार्क’ने प्रश्नच बदलला. तिथे संकटाचा परिणाम आधी जाहीर होतो, उदाहरणार्थ पहारेकऱ्याचा सुरा दंडात घुसला. मग खेळाडू ठरवतो की हे मान्य करायचे की प्रतिकार करायचा. प्रतिकार केला तर परिणाम टळतो किंवा सौम्य होतो, हे ठरलेलेच आहे. फासा फक्त किंमत सांगतो. पात्राच्या गुणाइतके सहा-बाजूंचे फासे टाकायचे आणि सर्वांत मोठे दान ६ मधून वजा करायचे. उरेल तेवढा मानसिक ताण. ४ पडले तर दोन, ६ पडले तर शून्य. ताणाची घरे नऊच असतात आणि ती भरली की पात्रावर कायमचा ओरखडा उमटतो. वाचणार की नाही, ही धाकधूक इथे संपते. त्या जागी वाचण्यासाठी काय मोजायचे हा निर्णय येतो.

ख्रिस मॅकडॉवल यांच्या २०१४च्या ‘इन्टू द ऑड’ने उलट दिशा धरली. वार चुकतच नाही, थेट इजेचा फासा पडतो. ताकद, चपळाई आणि मनोबल असे तीनच गुण, आणि धोका पत्करला की वीस बाजूंच्या फाशावर त्या गुणाइतके किंवा कमी दान हवे. लढाई दोन-तीन पाळ्यांत संपते. त्यामुळे शहाणा खेळाडू सेव्हची वेळच येऊ नये यासाठी आधीच डोके लढवतो.

निवड कशावर करावी

इतक्या पद्धतींतून सर्वांत चांगली एक काढता येत नाही, पण कोणती कुठे शोभते हे सांगता येते. वार वारंवार होणार असतील आणि एकेकाचे वजन कमी असेल तर हल्लेखोराचा एक फासा आणि स्थिर आकडा पुरतो. संकट क्वचित येणारे आणि जिवावर बेतणारे असेल तर फासा वाचणाऱ्याच्या हातात द्यावा, आणि शक्यतो निकाल एकाच दानात संपू देऊ नये. शस्त्रविद्येचा कस पाहायचा असेल तर अडवण्याचे आणि चुकवण्याचे वेगळे फासे त्यांना लागणाऱ्या वेळासह स्वीकारावेत. कथेतील निर्णय महत्त्वाचे असतील तर वाचण्याची किंमत मोजायला लावणारा नियम अधिक देतो. पद्धत कोणतीही असो, उच्च पातळीवर कच्चा बचाव कितपत मागे पडतो, हे प्रत्यक्ष आकडे घालून पाहिल्याशिवाय नियम पक्का करू नये. योद्ध्याच्या बाबतीत २०००पासून २०२४पर्यंत जी डागडुजी चालली, ती याच एका हिशेबाची होती.